पहिल्या इंजेक्शनाच्या आधी : सांगलीतील एका बालरुग्णालयाच्या सेवेविषयी

माझी धाकटी मुलगी ४१ दिवसांची असताना तिला ताप आला आणि त्या रात्रीपासून पुढचे नऊ-दहा दिवस सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका बालरुग्णालयाशी आमचा संबंध आला. हा अभिप्राय त्या रुग्णालयाच्या सेवेविषयी, त्यातही एकाच गोष्टीविषयी आहे : तान्ह्या बाळाच्या तापाचे कारण शोधण्याची त्यांची पद्धत. खोल्या, उपाहारगृह, गाडी लावायची जागा यांबद्दल मी फारसे लिहिणार नाही. रुग्णालयाचे नावही देत नाही, कारण ज्या गोष्टींमुळे मला समाधान वाटले त्या कोणत्याही रुग्णालयात मागता येतील आणि तपासून पाहता येतील अशा आहेत.

समाधान का वाटले हे सांगण्यासाठी पाच वर्षे मागे जावे लागेल. माझा मोठा मुलगा ५३ दिवसांचा असताना त्यालाही असाच ताप आला होता. तेव्हा मी सासरी होते. तालुक्याच्या ठिकाणच्या एका दवाखान्यात त्याला नेले. तेथील डॉक्टरांनी छाती तपासली, घसा पाहिला, मांडीत एक इंजेक्शन दिले आणि तीन दिवस रोज येऊन इंजेक्शन घेऊन जायला सांगितले. लघवी किंवा रक्त तपासले नाही. ताप उतरल्यासारखा वाटला, म्हणून आम्हीही निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळ अंगावर ओढेना, हाक मारली तरी डोळे उघडेना, तेव्हा त्याला घेऊन आम्ही मोठ्या रुग्णालयात धावलो. तेथे रक्त, लघवी आणि पाठीतील पाणी (मेंदू व मज्जारज्जूभोवतीचे, पाठीत सुई घालून काढतात ते) असे तीनही नमुने घेतले. पाठीच्या पाण्यात पेशी वाढलेल्या निघाल्या, मात्र एकाही नमुन्यात जंतू वाढला नाही. तेथील डॉक्टरांनी आम्हाला समजावले की याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक तर हा विषाणूचा ताप असेल आणि जंतू मुळात नसतीलच. नाहीतर जंतू असतील, पण आदल्या दिवशीच्या इंजेक्शनाने ते अर्धवट मारले गेल्यामुळे तपासणीत उगवत नसतील. या दोहोंतले खरे कोणते हे सांगण्याचा मार्ग आता उरलेला नव्हता, आणि मेंदूज्वराची शक्यता अंगावर घेणे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून मुलाला १४ दिवस शिरेतून औषधे द्यावी लागली. मुलगा बरा झाला, आता तो शाळेत जातो. परंतु त्याला नेमके काय झाले होते हे आजही आम्हाला ठाऊक नाही.

त्यामुळे मुलीचे अंग तापलेले हाताला लागले, तेव्हा मला पहिली भीती तापाची वाटली नाही, घाईघाईने दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनाची वाटली.

मी बाळंतपणासाठी तासगाव तालुक्यात माहेरी आले होते. सव्वा महिना नुकताच झाला होता. मुलीला टोपडे, कुंची आणि वर दोन दुपटी असे गुंडाळलेले होते, आणि आंघोळीनंतर ओव्याची धुरी देऊन झालेली होती. आईचे म्हणणे असे की शेकाने अंग गरम झाले असेल. तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, कारण जास्त गुंडाळल्याने लहान बाळाचे अंग खरोखरच तापू शकते. गावातील आशाताईंनी २८व्या दिवसाच्या भेटीत मला काखेत थर्मामीटर कसा धरायचा ते दाखवले होते. (प्रसूती रुग्णालयात झाली असेल, तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आशा कार्यकर्तीने घरी यावे असे सरकारी वेळापत्रक आहे, आमच्या आशाताईंनी त्यातील एकही भेट चुकवली नाही.) त्यांनी शिकवल्याप्रमाणे दुपटी काढली, वीस मिनिटे मुलीला मोकळे ठेवले आणि पुन्हा पाहिले. काखेत १००.८ अंश फॅरनहाइट भरले. वेळ संध्याकाळची ६ वाजून ४० मिनिटे होती. मी ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवली. आईला पॅरासिटॅमॉलचे थेंब द्यायचे होते, परंतु आशाताई फोनवर म्हणाल्या, “दोन महिन्यांच्या आतलं बाळ आहे, ताई. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही देऊ नका. आत्ताच निघा.”

आमच्या भागातील माणसे आजारपणात सांगली-मिरजेची वाट धरतात, ही जुनीच रीत आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले तेव्हापासून ती पडली असावी. आजही येथील रुग्णालयांच्या आवारात कर्नाटकातून आलेल्या गाड्या उभ्या दिसतात. आम्ही रात्री नऊच्या सुमारास पोहोचलो.

पहिली गोष्ट जी मला नोंदवावीशी वाटते ती म्हणजे आम्हाला रांगेत बसवले नाही. वय विचारले, ताप सांगितला, आणि स्वागतकक्षातील मुलीने केसपेपर होण्याआधीच परिचारिकेला बोलावले. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप असेल तर नोंदणी नंतर करायची, असा तेथे नियम आहे. परिचारिकेने मुलीचे सगळे कपडे काढले, वजन केले, एका मिनिटाचे श्वास घड्याळ लावून मोजले, टाळू चाचपली आणि ताप पुन्हा पाहिला. तो १०१ भरला.

डॉक्टरांनी हात लावण्याआधी बराच वेळ प्रश्न विचारले. दिवस पूर्ण भरले होते का, बाळंतपणात मला ताप होता का, बाळ जन्मल्यावर काचेच्या पेटीत ठेवले होते का, दिवसाला किती वेळा पिते, आज किती लंगोट ओले झाले, घरात कोणाला सर्दी आहे का, आणि यापूर्वी कोणते औषध पोटात किंवा इंजेक्शनातून गेले आहे का. शेवटचा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. ताप पहिल्यांदा नेमका किती वाजता दिसला, हेही विचारले, आणि मी दिनदर्शिकेवरची वेळ सांगितल्यावर ती कागदावर लिहून घेतली. त्याचे कारण मला नंतर समजले. शरीरात जिवाणूंचा संसर्ग झाला की रक्तात जे पदार्थ वाढतात, ते सगळे एकाच वेळी वाढत नाहीत. प्रोकॅल्सिटोनिन चार ते सहा तासांत वर जाऊ लागते. नेहमी तपासले जाणारे सीआरपी त्याच्या मागून सावकाश वाढते आणि दीड-दोन दिवसांनी शिखरावर पोहोचते. ताप येऊन दोनच तास झाले असताना सीआरपी कमी आले, तर त्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे असते.

येथे थोडे विषयाचे सांगते, कारण ते कळल्याशिवाय या सेवेची किंमत कळणार नाही. दोन-तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला आणि एरवी ते बरे दिसत असले, तरी परदेशांतील मोठ्या अभ्यासांत अशा साधारण दहा बाळांपैकी एकाला जिवाणूंचा संसर्ग असल्याचे आढळले आहे. त्यांतील बहुतेकांना तो लघवीच्या मार्गात असतो. रक्तात जंतू असण्याचे प्रमाण शेकडा एक-दोन आणि जिवाणूजन्य मेंदूज्वराचे शेकडा एकाहूनही कमी आहे. बाकीच्यांचा ताप बहुधा विषाणूंचा असतो आणि आपोआप उतरतो. अडचण अशी की या वयाचे बाळ पाहून कोणते बाळ कोणत्या गटातले हे अनुभवी डॉक्टरांनाही खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून पूर्वी अशा सगळ्याच बाळांना दाखल करून, पाठीतील पाणी काढून, शिरेतून औषधे देत असत. १९८५ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथील डॉक्टरांनी कमी धोक्याची बाळे निवडण्याचे निकष मांडले. पुढे प्रोकॅल्सिटोनिनची चाचणी आली. २०१९ साली अमेरिकेतीलच अनेक रुग्णालयांतील संशोधकांनी मिळून लघवी, रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आणि प्रोकॅल्सिटोनिन या तिन्हींवरून धोका ठरवण्याचा नियम प्रसिद्ध केला; आणि २०२१ साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने ८ ते २१, २२ ते २८ आणि २९ ते ६० दिवस असे वयाचे तीन गट करून मार्गदर्शन दिले. आपल्याकडच्या सरकारी आरोग्य कार्यक्रमात तर काखेतील ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट, एवढा तापसुद्धा दोन महिन्यांच्या आतील बाळात गंभीर संसर्गाचे लक्षण मानून बाळाला पुढे पाठवायला सांगितले आहे.

आमच्या डॉक्टरांनी हे सगळे एका वाक्यात आणून सोडले. “ताई, हीच मुलगी वीस दिवसांची असती, तर कितीही हसरी दिसली असती तरी मी पाठीतलं पाणी काढलंच असतं. आता ती ४१ दिवसांची आहे, म्हणून आधी लघवी आणि रक्त बघतो, आणि मग ठरवतो.”

लघवी घेण्याची पद्धत या रुग्णालयाची सर्वांत चांगली बाजू आहे, म्हणून ती सविस्तर लिहिते. बहुतेक ठिकाणी बाळाला चिकट पिशवी लावून आई-वडिलांना वाट पाहायला बसवतात. पिशवीतील लघवीत कातडीवरचे जंतू सहज मिसळतात, त्यामुळे अशा नमुन्याच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू निघाला तरी तो खरा आजाराचा की कातडीचा हे कळत नाही. येथे त्यांनी पिशवी लावलीच नाही. मला दूध पाजायला सांगितले. वीस-पंचवीस मिनिटांनी जागा स्वच्छ पुसून परिचारिकेने मुलीला काखेत धरून उभे उचलले, पाय मोकळे लोंबते ठेवले. डॉक्टरांनी ओटीपोटावर बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट भराभर हलके टिचक्या मारल्या, मग कमरेवर दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी अर्धा मिनिट चोळले, आणि हे आलटून पालटून चालू ठेवले. तिसऱ्या फेरीला धार आली आणि दुसऱ्या परिचारिकेने ती निर्जंतुक डबीत झेलली. ती लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यात पुवाच्या पेशी भरपूर होत्या आणि तपासणीच्या पट्टीवर नायट्राइट, म्हणजे जंतू असल्याची खूण, हेही आले. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की आता कल्चरसाठी बारीक नळी घालून थेट मूत्राशयातील लघवी घ्यावी लागेल. पहिला नमुना निर्दोष निघाला असता, तर नळी घालण्याची वेळच आली नसती. बाळाला जो त्रास द्यायचा तो कारण सापडल्यावरच द्यायचा, हा विचार मला फार मोलाचा वाटला.

त्यानंतर रक्त घेतले. कल्चरच्या बाटलीत एक मिलिलिटरहून थोडे अधिक रक्त भरले, कारण तान्ह्या बाळाच्या रक्तात जंतू विरळ असू शकतात आणि चार थेंबांत ते सापडतीलच असे नाही. एवढेसे बाळ आणि एवढे रक्त, म्हणून माझ्या आईने तोंडाला पदर लावला. परिचारिकेने तिला बाजूला बसवून, “आजी, हे रक्त आज नीट घेतलं, तर उद्या पुन्हा टोचावं लागणार नाही,” असे शांतपणे सांगितले. हे सर्व नमुने बाटल्यांत भरून, नाव आणि वेळ लिहून प्रयोगशाळेकडे गेल्यानंतरच मुलीला प्रतिजैविकाचा पहिला डोस मिळाला. आल्यापासून तोपर्यंत दोन तासांच्या आत सगळे झाले होते. आधी नमुने, मग औषध या क्रमासाठी औषधाला उशीर झाला असे कोणालाही म्हणता आले नसते. बाळ निपचित असते, निळे पडले असते किंवा झटके येत असते, तर आपण नमुन्यांसाठी थांबलो नसतो, हेही डॉक्टरांनी आम्हाला स्पष्टपणे सांगितले.

रात्री साडेअकराला प्रोकॅल्सिटोनिन ०.३१ आले. सीआरपी १४ आणि न्यूट्रोफिल ३,९०० होते. ज्या मर्यादांवर धोका वाढलेला मानतात, त्या अनुक्रमे ०.५, २० आणि ४,००० आहेत, असे डॉक्टरांनी कागदावर तीन रकाने आखून दाखवले. न्यूट्रोफिलचा आकडा मर्यादेला जवळजवळ टेकलेला आहे, हेही त्यांनी लपवले नाही. लघवीत संसर्ग आहे, परंतु तो रक्तात किंवा मेंदूपर्यंत गेल्याचे चिन्ह आज दिसत नाही. म्हणून पाठीतील पाणी आज काढणार नाही, मात्र दाखल करून ठेवणार, असा निर्णय त्यांनी दिला. परदेशी मार्गदर्शनानुसार अशा बाळाला तोंडावाटे औषध देऊन घरीही पाठवता येते. डॉक्टरांनी तसे न करण्याची दोन कारणे सांगितली : आमचे गाव लांब होते, आणि आपल्याकडील जंतू औषधांना सहज दाद देत नाहीत.

दुसरे कारण किती खरे होते ते रविवारी कळले. शुक्रवारी रात्री दिलेल्या लघवीत शनिवारी संध्याकाळी जंतू वाढू लागल्याचा निरोप आला : ई. कोलाय नावाचा जिवाणू, एका मिलिलिटरमध्ये एक लाखाहून अधिक. रविवारी सकाळी मात्र मुलीला पुन्हा १०१ ताप होता, म्हणजे सुरू असलेले इंजेक्शन लागू पडत नव्हते. त्या सकाळी डॉक्टरांनी तिला नव्याने पहिल्यापासून तपासले. टाळू, मान, हातपायांतला जोर पाहिला, माझ्यासमोर तिला पाजायला लावले, प्रोकॅल्सिटोनिन परत केले. ते ०.४ होते. मग त्यांनी सांगितले की पिणे, जागे राहणे किंवा टाळू यांपैकी एकातही फरक पडला, तर आजच पाठीतील पाणी काढीन. मोठ्या मुलाच्या वेळच्या आठवणीने माझे हात गार पडले. सुई टोचल्याने बाळ लुळे पडते ही आमच्याकडे घरोघरी असलेली समजूत आईने बोलून दाखवली, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या पाठीवर बोट ठेवून मज्जारज्जू कोठे संपतो आणि सुई त्याच्या किती खाली घालतात ते दाखवले. सुदैवाने तशी वेळ आली नाही.

दुपारी औषधांच्या चाचणीचा निकाल कळला. तो जंतू सेफिक्झिम आणि सेफ्ट्रायाक्झोन या दोन्ही प्रतिजैविकांना दाद देणारा नव्हता, अमिकॅसिन या तिसऱ्याला देणारा होता. सेफिक्झिम म्हणजे लहान मुलांना पातळ औषध म्हणून सर्रास दिले जाते तेच. कल्चर न करता ते लिहून देऊन आम्हाला घरी पाठवले असते, तर आम्ही आठवडाभर मुलीला निरुपयोगी औषध पाजत बसलो असतो. दिल्लीतील तीन रुग्णालयांत जन्मलेल्या नवजात बाळांचा जो मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यातही रक्तातील जंतूंपैकी पुष्कळसे अनेक औषधांना न जुमानणारे आढळले होते. म्हणून आपल्या भागात कल्चरचे मोल पुस्तकात लिहिले आहे त्याहून अधिक आहे, असे मला वाटते. अमिकॅसिन सुरू झाल्यावर मंगळवारी पहाटे ताप गेला आणि परत आला नाही. रक्ताच्या कल्चरमध्ये ४८ तासांपर्यंत काही वाढले नाही, पाच दिवसांचा अंतिम अहवालही तसाच आला.

आता उणिवा. रविवारी त्या रुग्णालयाला जोडलेल्या प्रयोगशाळेची अहवाल देण्याची खिडकी बंद असते. औषधांच्या चाचणीचा निकाल आत तयार असूनही छापील कागद सोमवारीच मिळणार होता. आमच्या डॉक्टरांनी स्वतः फोन करून तो तोंडी मिळवला, म्हणून औषध रविवारीच बदलता आले. दुसरे कोणी ड्यूटीवर असते तर कदाचित एक दिवस वाया गेला असता. तापलेल्या बाळाची तपासणी इतक्या काळजीने रचणाऱ्या रुग्णालयाने तिचा शेवटचा टप्पा एका व्यक्तीच्या तत्परतेवर सोडू नये. दुसरी उणीव बाह्यरुग्ण विभागाची : फेरतपासणीला आलेली महिना-दोन महिन्यांची बाळे आणि खोकणारी मोठी मुले एकाच बाकावर बसतात. तान्ह्या बाळांसाठी कोपऱ्यात दोन खुर्च्या वेगळ्या ठेवायला फारसा खर्च येणार नाही. घरी जातानाचा कागद संपूर्ण इंग्रजीत आहे. डॉक्टर तोंडी सगळे मराठीत सांगतात, पण घरी गेल्यावर आई, सासूबाई, शेजारीण यांच्यापुढे ठेवायला कागदच लागतो.

खर्चाचे म्हणाल तर प्रोकॅल्सिटोनिन दोन वेळा केले, आणि दर वेळी दोन हजारांच्या आसपास लागले. ते बिलातील सर्वांत खुपणारे कलम होते. परंतु त्याच आकड्यांमुळे मुलीच्या पाठीत सुई गेली नाही आणि आमचा मुक्काम पाच दिवसांवर आटोपला, म्हणून मी ते पैसे वाया गेले असे म्हणणार नाही. ज्यांना हा खर्च झेपणार नाही त्यांनी घरी थांबून राहू नये : सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळांवरील उपचार, तपासण्या आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत.

बुधवारी आम्हाला घरी सोडले. उरलेली इंजेक्शने रोज सकाळी रुग्णालयात येऊन घेतली. त्यासाठी हातातील सुई तशीच ठेवून वर छोटी फळी आणि पट्टी बांधून दिली होती, आणि मूत्रपिंडांवर औषधाचा भार पडत नाही ना हे पाहण्यासाठी मध्ये एकदा क्रिएटिनिन तपासले. शेवटच्या इंजेक्शनानंतर पोटाची सोनोग्राफी झाली. दोन्ही मूत्रपिंडे व्यवस्थित आहेत. अमिकॅसिनचा कानांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ऐकण्याच्या तपासणीची तारीखही त्यांनी आपणहून काढून दिली. ती तपासणी झाली आणि नीट निघाली. यापुढे या मुलीला कोणत्याही कारणाने ताप आला तर एका दिवसाच्या आत, आणि कोणतेही प्रतिजैविक सुरू करण्याच्या आधी, लघवी तपासून घ्यावी, असे डॉक्टरांनी फाईलच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. त्या एका ओळीपुरते त्यांनी मराठी वापरले.